मदत हवी आहे: बाळाची पेज, बोरोचा तांदूळ आणि आर्सेनिक

कुडाळची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या बदलीमुळे गेलं वर्षभर आम्ही पश्चिम बंगालात, नदिया जिल्ह्यात चाकदहाच्या बाजूला राहतोय. लेक आठ महिन्यांची. उष्टावण झाल्यापासून सकाळी पेज, दुपारी मऊ भात. आमच्याकडे पेजेवरच पोरं वाढतात, त्यामुळे यात विचार करण्यासारखं काही असेल असं मनातही आलं नव्हतं.

घरमालकीण काकीमा फार मायेची बाई. तांदूळ त्यांच्या शेतातला, आम्हालाही त्यातलाच देतात. परवा त्यांच्याबरोबर शेतावर गेले. पीक बोरोचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावणी आणि एप्रिल-मेमध्ये कापणी, आपल्या वायंगणासारखं. पाणी सगळं उथळ बोअरचं. पंपाच्या तोंडाशी पाटातली माती विटकरी लाल, बोट लावलं तर गंजाचा डाग. पंपावरचा मुलगा म्हणाला, पाण्यात लोह आहे. मग सहज म्हणाला, आर्सेनिकपण आहे, म्हणून आम्ही हे पीत नाही. पीत नाही, पण भाताला देतात! रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

तांदळातून ते पोटात जातं का? धुऊन, शिजवून कमी होतं का? की लेकीचा भातच बंद करू? काकीमांना न दुखावता काय करता येईल तेही सांगा.

निसर्गवेडा

हातसडीचा, कोंड्यासकटचा तांदूळ द्या ताई. पॉलिश केलेला मुळीच नको. नैसर्गिक ते नैसर्गिक.

माती_आणि_मुळं

निसर्गवेडा, इथे नेमकं उलटं आहे. आर्सेनिक कोंड्याच्या थरात जास्त साठतं. कोडेक्सची (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) असेंद्रिय आर्सेनिकची, म्हणजे त्याच्या जास्त विषारी प्रकाराची, मर्यादाच बघा: पॉलिश तांदळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, कोंड्यासकटच्याला ०.३५. युरोपात लहान बाळांच्या खाण्यासाठीच्या तांदळाला ०.१. हातसडी एरवी उत्तम, या तांदळाची नको.

ताई, तुमच्या बोटाला लागला तो लोहाचा गंज. आर्सेनिक त्यालाच चिकटून बसतं. खाचरात पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते, गंज विरघळतो आणि आर्सेनिक सुटं होतं. भाताला सिलिका भारी लागते (तुसाचा खरखरीतपणा तिचाच) आणि मुळाची सिलिका ओढायची जी वाट, तिनेच हे पण आत शिरतं. म्हणून गव्हापेक्षा तांदळात ते साधारण दहापट सापडतं. पावसावरच्या आमन पिकात बोरोपेक्षा कमी असतं, कारण त्याला बोअरचं पाणी फारसं द्यावं लागत नाही.

शेतात करण्यासारखं म्हणजे खाचर कायम तुडुंब न ठेवता मधूनमधून सुकू द्यायचं, शिवाय तुसाची राख घालायची, म्हणजे सिलिका मिळते. पण जिथे मातीत कॅडमियम हा विषारी धातू असेल तिथे सुकवणं अंगाशी येतं, कारण ते कोरड्या खाचरात सुटं होतं आणि पाण्याखाली बांधलेलं राहतं. जपानात तोयामा भागात जिंझू नदीकाठच्या लोकांची हाडं ठिसूळ झाली ती खाणीतून आलेल्या या कॅडमियममुळेच. १९६८ साली तिथल्या सरकारने ते मान्य केलं. तेव्हा आधी माती तपासायची, मग पाण्याचं वेळापत्रक बदलायचं.

सावंतवाडीची_आजी

अगो, बाकी राहू दे, भात कसा शिजवतेस ते सांग. कुकरला?

कुडाळची_माहेरवाशीण

हो आजी, कुकरला. पाणी सगळं आत मुरवून.

सावंतवाडीची_आजी

मग जे असेल ते सगळं भातातच राहिलं की. आपल्या जुन्या बायका करायच्या तसा वेळून भात कर. तांदूळ चोळून चार पाण्यांनी धू. एका वाटीला सहा वाट्या पाणी उकळत ठेव, तांदूळ टाक, कणी राहिली नाही की वेळणी धरून सगळं पाणी ओतून टाक. बंगाली बायकाही असाच फ्यान (भाताचं पाणी) गाळतात, म्हणजे काकीमांना काही वेगळं वाटायचं नाही.

माती_आणि_मुळं

आजींनी लाखातलं सांगितलं. अशा भरपूर पाण्यात शिजवून गाळल्याने असेंद्रिय आर्सेनिक साधारण ४० ते ६० टक्के कमी होतं. अट एकच, धुण्याचं नि शिजवण्याचं पाणी स्वच्छ हवं. बोअरचं घेतलंत तर तांदूळ उलट ते शोषून घेतो. पाणी नुसतं उकळून काही होत नाही, आटल्यावर उलट दाट होतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. घरात येतं ते पाणी प्रयोगशाळेतच तपासून घ्या, रंग-वास-चव काही कळत नाही. गाळण्यात बी गटाची जीवनसत्त्वंही जातात, म्हणून वरण, भाजी, अंडं सोबत असू दे.

आणि सांगायला जिवावर येतंय, पण पेज बंद. जे काढायचं तेच त्या पाण्यात उतरतं.

कुडाळची_माहेरवाशीण

वाचून पोटात गोळा आला. उष्टावण झाल्यापासून तेच भरवत होते.

सावंतवाडीची_आजी

तुला ठाऊक होतं थोडंच? बाळाच्या डॉक्टरना एकदा सगळं नीट सांग. सकाळी नाचणीचं सत्त्व सुरू कर, माहेराहून मागव. भात दिवसातून एकदाच, तोही दुसऱ्या तांदळाचा.

माती_आणि_मुळं

दुकानात मिनीकेट घेऊ नका, तो बहुतेक बोरोचाच. बर्धमानकडचा गोविंदभोग बघा, पावसाळी पीक आहे आणि बाळाला मऊही शिजतो.

कुडाळची_माहेरवाशीण

चार दिवसांनी लिहितेय. नळाच्या पाण्याचा नमुना तपासायला दिलाय. गोविंदभोग आणला, वेळून केला, पहिल्या दिवशी हात भाजला, आता जमतंय. काकीमांना सांगितलं, डॉक्टरांनी बाळाला वासाचा तांदूळ द्यायला सांगितलाय. खोटं बोलले, पण त्यांनी लगेच स्वतःकडचा मूठभर काढून दिला.

आता नवीनच. त्या त्यांच्या भाताचा फ्यान रोज गाईच्या बादलीत ओततात, पेंढाही त्याच शेतातला. आणि लेकीचं दूध त्याच गाईचं.

माती_आणि_मुळं

पेंढ्यात दाण्यापेक्षा बरंच जास्त असतं. दुधात त्या मानाने कमी उतरतं, पण आठ महिन्यांच्या बाळाला तसंही वरचं गाईचं दूध मुख्य म्हणून देत नाहीत. अंगावरचं चालू आहे ना?

कुडाळची_माहेरवाशीण

आहे. वरचं आजपासून बंद करते. गाईचं काय सांगू काकीमांना, ते सुचत नाहीये.