[मंडळ-गप्पा, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया] ब्रुनो गेला, आता ग्रेहाउंड आणावा का?

प्रेषक: टार्नीट

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या वर्गणीच्या मेल्समध्ये ही वेगळीच मेल टाकतेय, सांभाळून घ्या. आमचा ब्रुनो गेला हे बऱ्याच जणांना माहितीये. मुलगी रांगत होती तेव्हा आणलेला लॅब्रेडॉर, ती आता युनिव्हर्सिटीत जाते. सासूबाई अजून शेवटच्या गोळ्याची बिनमिठाची छोटी पोळी लाटतात आणि भाजून झाली की हातात घेऊन उभ्या राहतात. घर खायला उठतं.
आता मुलीने ग्रेहाउंडचं काढलंय, रेसमधून रिटायर झालेला कुत्रा. आई म्हणतात वर्ष झाल्याशिवाय दुसरं कुत्रं घरात नको. आणि मला वाटतं एवढं पळणारं जनावर आमच्या एवढ्याशा बॅकयार्डात काय करणार? कुणी आणलाय का? खरं खरं सांगा. घर भाड्याचं आहे, तेही सांगून ठेवते.

---

प्रेषक: बेंडिगो

वहिनी, ब्रुनोचं वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडे राणी आहे, काळी ग्रेहाउंड, आमची आधीची कुत्री गेल्यावरच आणलेली, म्हणून सविस्तर लिहितेय.

पळण्याचं टेन्शन अजिबात घेऊ नका. ताशी ६०-७० किलोमीटर पळतात हे खरं पण ते अर्ध्या मिनिटापुरतं, बाकी दिवसभर लोळणं. सकाळ-संध्याकाळ एक चक्कर झाली की सोफ्यावर चारी पाय वर करून उताणी. यार्ड पुरेल, फक्त कुंपण धड आहे ना आणि गेटची कडी नीट लागते ना ते बघा.

खरी गोष्ट वेगळीच आहे. हे कुत्रं मोठं झालेलं असतं पण घर त्याने पाहिलेलंच नसतं. जन्म केनेलमध्ये (कुत्री ठेवायच्या पिंजऱ्यांत), दीड वर्षाच्या आसपास ट्रॅकवर, चार-पाच वर्षांच्या आत रिटायर. राणीला जिना म्हणजे काय माहीतच नव्हतं. पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर ठेवून थिजून उभी राहायची, मागच्या मांड्या थरथरायच्या, मग नवरा मागून तिचा एकेक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवायचा आणि मी वर चीजचा तुकडा घेऊन बसायचे. काचेचं सरकतं दार तिला दिसायचंच नाही, तिच्या नाकाच्या उंचीवर टेपचे पट्टे लावले तेव्हा कळायला लागलं. मिक्सर सुरू झाला की लॉन्ड्रीत जाऊन कोपऱ्यात उभी. टाइल्सवर पाय फाकतात म्हणून हॉल ते किचन सतरंज्या अंथरल्या. झोपलेली असताना हात लावायचा नाही, आधी हाक मारायची, कारण केनेलमध्ये झोपेत त्यांना कुणी हात लावलेला नसतो, ती दचकून गुरगुरतात. डोळे उघडे ठेवून झोपतात कधीकधी, त्यामुळे जागी आहे असं वाटतं. हे आईंना आणि घरी येणाऱ्या लहान मुलांना नक्की सांगा.

आणि मुलीला एक स्पष्ट सांगा. लॅब्रेडॉर दार वाजलं की अख्खं घर डोक्यावर घेतो, हा तसा येणार नाही. सुरुवातीला बहुतेक बघणारही नाही तुमच्याकडे. मग एक दिवस चहा करताना हळूच येऊन मांडीला अंग टेकवून उभा राहील, सगळं वजन टाकून, आणि खुश झाला की दात कटकट वाजवेल. ब्रुनोची जागा भरायला आणणार असाल तर कृपा करून आणू नका. तुलना करून करून लोक महिन्याभरात परत नेऊन देतात आणि नुकतं कुठे घर कळायला लागलेलं ते कुत्रं पुन्हा केनेलमध्ये जातं. फार जीव तुटतो हो.

आईंचंही मला पटतं. त्यांच्यासाठी फॉस्टरिंग बघा, काही आठवडे कुत्रं तुमच्याकडे, घरात राहायला शिकवायचं आणि मग ते पुढच्या घरी जातं. दुसरं कुत्रं आणलं असंही होत नाही आणि घरात नखांचा आवाज येतो.

राहिलेलं पटापट: तोंड बरोब्बर किचन बेंचच्या उंचीला येतं, कांदा-लसणाची भाजी आणि बेदाणे घातलेला शिरा आत सरकवून ठेवायचा, हे दोन्ही पदार्थ कुत्र्यांसाठी विषारी. अंगावर चरबी नाही, मेलबर्नच्या थंडीत कोट लागतो. डोकं मानेपेक्षा बारीक म्हणून साधा पट्टा सुटतो, मार्टिंगेल कॉलर (ओढलं की थोडी आवळणारी) घ्या. दात बहुतेकांचे खराब असतात. व्हेट ग्रेहाउंड हाताळलेला हवा, यांना भूल जपून द्यावी लागते आणि रक्ताच्या रिपोर्टमधले थायरॉइडचे आकडे मुळातच कमी असतात, नाहीतर उगाच गोळ्या सुरू होतात.

---

प्रेषक: जिलाँग

ताईंनी छान लिहिलंय पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. रिटायर झालेली कुत्री घरांना देणारा गॅप, म्हणजे ग्रेहाउंड अडॉप्शन प्रोग्रॅम, तो चालवते ग्रेहाउंड रेसिंग व्हिक्टोरिया, म्हणजे रेसवालेच. २०१५ मध्ये एबीसी वाहिनीच्या फोर कॉर्नर्स कार्यक्रमाने दाखवलं होतं की ट्रेनिंगला जिवंत ससे, पॉसम बांधून वापरतात. २०१६ मध्ये न्यू साउथ वेल्सने ग्रेहाउंड रेसिंगवर बंदी जाहीर केली आणि तीन महिन्यांत मागे घेतली. कॅनबेराने २०१८ मध्ये बंद करून दाखवलं, न्यूझीलंडनेही २०२४ च्या डिसेंबरमध्ये बंदी जाहीर केली. आपल्याकडे व्हिक्टोरियात मात्र अजून चालूच. त्यामुळे घ्यायचाच तर रेसवाल्यांशी संबंध नसलेल्या रेस्क्यू ग्रुपकडून घ्या असं माझं प्रामाणिक मत.

---

प्रेषक: बेंडिगो

दादा, रेसिंग बंद व्हावं हे माझंही मत, पिटिशनवर सही केलीये. पण आत्ता केनेलमध्ये बसलेल्या कुत्र्याला कागदावर कुणाचं नाव आहे याच्याशी काय घेणं? कुणाकडूनही घ्या, पण मांजर आणि छोट्या कुत्र्यांसमोर त्याला पारखून पाहिलंय का एवढं जरूर विचारा.

---

प्रेषक: ग्लेन वेव्हर्ली

काका लिहितोय. माझं बालपण जत तालुक्यातलं, आमच्या वस्तीवर कारवानी कुत्री असायची, तीच लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट. मुधोळ हाऊंड म्हणतात तीच ही जात, घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानावरून नाव पडलं. २००५ मध्ये पोस्टाने तिकीट काढलं तिच्यावर, माझ्याकडे जपून ठेवलंय. ग्रेहाउंड त्याच पठडीतला, वासावर नाही तर नजरेवर शिकार करणारा. ससा दिसला की आमचा वाघ्या हाक ऐकायचा नाही, कान बंदच व्हायचे त्याचे. म्हणून सूनबाई, पार्कात पट्टा सोडायचा नाही. इथला कायदाही तेच सांगतो. व्हिक्टोरियात पाळलेल्या ग्रेहाउंडला १ जानेवारी २०१९ पासून मझल (तोंडाची जाळी) लागत नाही पण बाहेर लीश कायम पाहिजे.
आणि भाड्याच्या घराची काळजी नको. मार्च २०२० पासून घरमालकाला योग्य कारणाशिवाय पाळीव प्राण्याला नाही म्हणता येत नाही. ठरलेला फॉर्म भरून द्यायचा, त्यांना हरकत असेल तर १४ दिवसांत त्यांनी व्हीकॅट या न्यायाधिकरणाकडे जायचं. सगळं लेखी ठेव.
तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना कुत्र्याचं नाव ठेवायला सांग, मग बघ.

---

प्रेषक: टार्नीट

सगळ्यांचे मनापासून आभार. मेल्स आईंना मोठ्याने वाचून दाखवल्या. जिन्याचं ऐकून त्यांनी लगेच विचारलं, मग त्या राणीला खाली कोण उतरवायचं? फॉस्टरला हो म्हणाल्यात, फक्त दसरा होऊ दे म्हणतात. दादा, तुमचा मुद्दा मुलीला पटलाय, ती दोन्हीकडे चौकशी करणार आहे. घरमालकाचा फॉर्म आज पाठवला. कुणाकडे बेबी गेट किंवा जुन्या सतरंज्या पडल्या असतील तर कळवा, शनिवारी येऊन घेऊन जाऊ.