'शुगर फ्री' बिस्किटांचं लेबल कसं वाचायचं? मदत हवी आहे

आईला मधुमेह आणि बीपी दोन्ही आहे. पुड्यावर 'शुगर फ्री आटा' लिहिलेली बिस्किटं ती चहाबरोबर सकाळी चार, संध्याकाळी चार खाते. मागे १०० ग्रॅमचे आकडे असे: ऊर्जा ४५८ किलोकॅलरी, कर्बोदकं ६६ ग्रॅम, एकूण साखर ०.४, पॉलिऑल १५, सॅच्युरेटेड फॅट ९.५ ग्रॅम, सोडियम ४२० मिलिग्रॅम. एक सर्व्हिंग १६ ग्रॅम, म्हणजे २ बिस्किटं. घटक: मैदा ४६%, पाम तेल, मॅल्टिटॉल, आटा ११%, माल्टोडेक्स्ट्रिन, ३२२, ५००. साखर ०.४ असताना खाल्ल्यावर ग्लुकोमीटरचा आकडा का चढतो?

प्रतिसाद १

कारण 'साखर' ही ओळ कर्बोदकांचा एक छोटा तुकडा आहे. १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपर्यंत असेल तर 'शुगर फ्री' लिहायला एफएसएसएआयची (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) परवानगी आहे, त्यामुळे दावा खोटा नाही. पण मैद्यातला स्टार्च साखरेच्या ओळीत येत नाही आणि पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, तिचंही तेच, आणि तेही झपाट्यानं. मॅल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घातलेलं पॉलिऑल, रक्तातला आकडा साखरेपेक्षा कमी चढवतं, पण अजिबात नाही असं नाही. जास्त झालं तर पोट बिघडतं, जुलाब होतात.

मधुमेहात आधी कर्बोदकांची ओळ बघायची. एक बिस्किट ८ ग्रॅमचं, म्हणजे आठ बिस्किटं ६४ ग्रॅम: कर्बोदकं ४२ ग्रॅम. त्यातलं पॉलिऑल जेमतेम साडेनऊ ग्रॅम, बाकी जवळजवळ सगळा स्टार्च.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. इथे तेल दुसऱ्या नंबरवर आहे आणि ज्या आट्याचं नाव पुढे मोठ्या अक्षरात, तो चौथा. इंग्रजी लेबलवर 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' दिसलं की तो मैदाच समजा. नुसतं 'व्हीट' वाचून पुढे जाऊ नका.

प्रतिसाद २

बीपीसाठी सोडियम बघाच. बिस्किट खारट लागत नाही म्हणून मीठ नाही असं होत नाही: घटकांतलं ५०० म्हणजे खायचा सोडा, त्यातूनही सोडियम येतं. ३२२ म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारं लेसिथिन आहे, त्याची काळजी नको. 'लो सोडियम' म्हणायला १०० ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅमच्या आत लागतं. इथे ४२० आहे. सोडियमला २.५ नं गुणलं की मीठ निघतं. आठ बिस्किटांत सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे मीठ पाऊण ग्रॅमला थोडं कमी.

लेबलवर दिवसाच्या प्रमाणाच्या टक्क्यांचा रकाना असतो, त्यात सगळ्यात जास्त फसगत होते. तो एका सर्व्हिंगचा असतो आणि २००० किलोकॅलरीच्या आहारावर काढलेला. सॅच्युरेटेड फॅटची दिवसाची मर्यादा त्यात २२ ग्रॅम धरतात. दोन बिस्किटांना ७% दिसतं, आईच्या आठ बिस्किटांना ते २८% होतं.

प्रश्नकर्ता

मग त्याऐवजी काय द्यावं?

प्रतिसाद १

बिनमिठाचे फुटाणे, मोजून ३० ग्रॅम. कर्बोदकं त्यातही आहेत, पण सोबत प्रथिनं आणि तंतू मिळतात. बिस्किटच हवं असेल तर चहाला दोन, आणि खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी तपासणी.

प्रतिसाद २

आणि ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, घाम-थरथर सुरू झाली, तर ही बिस्किटं देऊ नका. तेलामुळे ग्लुकोज रक्तात उशिरा पोचतं. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगी असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता लगेच दवाखान्यात न्या.