मदत हवी आहे: बंदुकीच्या दारूच्या जुन्या शिंगाला कीड लागली

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरी ठासणीच्या बंदुकीची दारू ठेवायचं म्हशीचं शिंग आहे, पणजोबांच्या वेळचं. बंदूक केव्हाच जमा झाली, शिंग तेवढं राहिलं. आत दारू नाही, पूर्ण रिकामं आहे. तोंडाजवळ कुरतडल्यासारख्या उथळ चऱ्या पडल्यात आणि खाली फळीवर तपकिरी, केसाळ अळ्यांच्या काती सापडतात. बुडाचं सागवानी बूच मात्र शाबूत, भुसा पडत नाही. म्हणजे घुण नाही, शिंगच खाणारी कीड आहे.

कडुनिंबाचा पाला झाला, डांबरगोळ्या झाल्या, मऊ ब्रशने झाडूनही झालं. काती दिसतातच. उन्हात ठेवा म्हणू नका, इथल्या मे महिन्यात तडकेलच. रॉकेल, वार्निश नको. वरची कोरीव वेलबुट्टी जपायची आहे.

प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशाला आठवडा-दोन आठवडे ठेवतात, हे माहीत आहे. गावात आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर मिळेल, पण लाइन रोज जाते. मधे थंडावा उतरला तर अंडी वाचतात का? आणि तोंडाला घट्ट बसवलेली पितळी पट्टी आहे, गारठ्याने तिच्याखाली शिंग चिरेल का?