शब्दचर्चा : ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ला मराठीत काय म्हणायचं?

करवीरकर

कोल्हापुरातल्या एका वाचनगटासाठी पुस्तकांची यादी आणि लेखन-कार्यशाळेचं टिपण तयार करायचं चाललंय. यादी ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ची, म्हणजे आहे त्यापेक्षा वेगळं जग कल्पून लिहिलेल्या गोष्टींची. कपाटावर चिठ्ठी लावायची आहे, पण शब्द ठरत नाही. ‘विज्ञानकथा’ म्हटलं की भुतं, पर्यायी इतिहास आणि बोलणारी झाडं बाहेर पडतात. ‘कल्पितकथा’ म्हटलं तर सगळंच कल्पित. मग सामाजिक कादंबरीनं काय घोडं मारलंय? ‘अद्भुतिका’ लहान मुलांची वाटते. ‘तर्ककथा’ सुचवलंय कुणीतरी. जाणकारांनी बोलावं. कार्यशाळेत लागणारे ‘वर्ल्डबिल्डिंग’ (गोष्टीचं जग रचणं), ‘ट्रोप’ (गोष्टींत पुन्हापुन्हा येणारी ठरलेली कल्पना), ‘इन्फोडम्प’ (सगळी माहिती एकदम देऊन टाकणं) हे शब्दही याच धाग्यात घेऊ.

जुनाकोश

‘स्पेक्युलेशन’ला मराठीत तीन दारं आहेत. सट्टा, अटकळ आणि तर्क. पहिलं दार बाजारात उघडतं, ते बंदच ठेवा. ‘अटकळ’ अंदाजाची, हातात पुरावा कमी असतानाची. ‘तर्क’ दोन्हीकडे चालतो: ‘माझा तर्क असा’ म्हणजे अंदाज, ‘तर्कशुद्ध’ म्हणजे पायरीपायरीनं. म्हणून ‘तर्ककथा’ वाईट नाही, पण वाचकाला ती गुन्हा शोधणाऱ्या पोलिसाची गोष्ट वाटणार.

इंग्रजीतही हे नाव सरळ जन्मलेलं नाही. 1926 साली ह्यूगो गर्न्सबॅक या अमेरिकन संपादकानं विज्ञानकथांचं मासिक काढलं तेव्हा त्याचा लाडका शब्द ‘सायंटिफिक्शन’ होता, तो टिकला नाही. ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ला वजन आलं ते अमेरिकन विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइनच्या 1947 च्या लेखामुळे, आणि त्याच्या मनातला अर्थ आजच्यापेक्षा बराच अरुंद होता. म्हणजे हा शब्दच मुळात ताणून मोठा केलेला आहे. त्याचं शब्दशः भाषांतर करत बसणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा उसवून स्वतःला शिवणं.

‘अद्भुत’बद्दल एक. तो नऊ रसांपैकी एक आहे, त्याचा स्थायीभाव विस्मय. पाण्यावर पहारे बसलेल्या भविष्यातल्या शहराची गोष्ट वाचून विस्मय होत नाही, पोटात गोळा येतो. तो भयानक रस. एका रसाचं नाव अख्ख्या कपाटाला कसं लावणार?

तालीमवाला

‘विज्ञानकथा’ला इतकं हलक्यात नका काढू. तो शब्द मराठीत कमावलेला आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली, लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर. जन्म आपल्या कोल्हापूरचा, 1938 चा. आणि शब्द बघा: ‘ब्लॅक होल’ला ‘काळं भोक’ केलं असतं तर गोष्ट पहिल्याच ओळीला हास्यास्पद झाली असती. ‘विवर’मध्ये खोली आहे, आत ओढलं जाण्याची भीती आहे. नवा शब्द घडवायचा तर असा.

रंकाळावारा

कपाटावर काय लावायचं ते लावा. लिहिणाऱ्याच्या टेबलावर मात्र एकच शब्द कामाचा: जर-तर. ‘जर-तरची गोष्ट’. सामाजिक कादंबरीतही जर-तर असतं म्हणाल, पण तिथं ‘जर’ माणसाचा असतो, इथं जगाचा.

कसोटी सोपी आहे. गोष्टीतून ‘जर’ काढून टाका. गोष्ट तशीच उभी राहिली तर तो ‘जर’ नुसता जरीकाठ होता, वस्त्र साधंच.

उदाहरण घरचंच घेऊ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. आता ‘जर’ असा: नदी वर्षातले दहा महिने 43 फुटांवरच राहू लागली. पहिला ‘तर’ कुणालाही सुचतो, रस्ते बंद, नावा सुरू. दुसरा ‘तर’ शेतीकडे बघितल्याशिवाय सुचत नाही. आडसाली उसाला दीड वर्ष लागतं, नदीकाठी तो उभाच राहणार नाही, म्हणजे गुऱ्हाळ नाही, म्हणजे गुळव्याचं कसब एका पिढीत संपलं. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे बोटावर सांगणारा माणूस उरला नाही. तिसरा ‘तर’: सोयरीक एकाच काठावरच्या गावांत होऊ लागली आणि दोन काठांची बोली वेगळी पडली. गोष्ट तिसऱ्या ‘तर’ला सुरू होते. नवे लिहिणारे पहिल्यावरच थांबतात आणि मग पानभर पाण्याचं वर्णन करतात.

‘वर्ल्डबिल्डिंग’ला म्हणून ‘विश्वनिर्मिती’ नको, ते ब्रह्मदेवाचं काम. ‘जग उभं करणं’ म्हणा. तंबूसारखं: एक खांब आणि चार ताण.

करवीरकर

जर-तर पटतंय. पण मग ‘इन्फोडम्प’? ‘पाल्हाळ’ चालेल?

रंकाळावारा

नाही. पाल्हाळ म्हणजे थोडक्यात सांगता येणारं लांबवणं. इन्फोडम्पमध्ये प्रत्येक वाक्य गरजेचं असू शकतं, चूक एका जागी ओतण्याची असते. ‘गोणी ओतणं’ म्हणा. ‘दुसऱ्या पानावर गोणी ओतलीय’ असं म्हटलं की लिहिणाऱ्याला लगेच कळतं. उपाय म्हणजे रतीब: रोज मापानं, दाराशी.

जुनाकोश

‘रतीब घालणं’ हल्ली कंटाळा येईस्तोवर पुरवत राहणं या अर्थानंही वापरतात, हे लक्षात असू द्या.

आणखी एक शब्द हद्दपार करावा अशी विनंती: ‘अविश्वासाचं निलंबन’. गोष्ट वाचताना अशक्यही तेवढ्यापुरतं खरं मानणं, यासाठी इंग्रज कवी कोलरिजनं 1817 साली लिहिलेल्या शब्दांचं हे सरकारी भाषांतर. जिल्हा परिषदेतल्या कारकुनाला निलंबित केल्यासारखं वाटतं. मराठीत ‘पटणं’ आहे. ‘उडणारा रेडा पटला, पण त्याची किंमत पटली नाही.’ एवढ्यात सगळं आलं.

तालीमवाला

‘ट्रोप’ला आपल्याकडे तयार शब्द आहे, कुणी उचलत नाही एवढंच. डाव. ढाक, धोबीपछाड, कलाजंग सगळ्या पैलवानांना येतात आणि खासबागेच्या कुस्ती मैदानात बसलेल्या प्रेक्षकालाही ओळखता येतात. डाव जुना असणं हा दोष नाहीच. निवडलेला राजपुत्र, भूतकाळात जाऊन चूक दुरुस्त करणारा, मालकावर उलटणारं यंत्र, हे डाव. आणि डावाला असते तोड. वाचक डाव ओळखून बसलेला असतानाच तोड टाकायची. त्यासाठी डाव आधी नीट, पूर्ण लावावा लागतो. अर्धवट डावाला तोड टाकली की वाचकाला ती लेखकाची गफलत वाटते.

वाचतानाही याच नजरेनं वाचावं. पहिलं वाचन निव्वळ वाचक म्हणून. दुसरं पेन्सिल घेऊन: ‘जर’ कितव्या परिच्छेदात कळला, डाव कुठं लागला, तोड कुठं पडली. तीन खुणा, बस. प्रत्येक ओळीखाली रेघ मारली की टाचण होत नाही, पुस्तक घाण होतं.

उपसर्ग

शब्दांवर चाललंय, व्याकरणाकडे कुणी बघेना. मराठीत या प्रकारच्या लेखनाची खरी अडचण तिथं आहे.

एक, सामान्यरूप. घडवलेल्या किंवा उसन्या नामाला विभक्ती लावायची वेळ येतेच. ‘रोबोटनं’ की ‘रोबोटानं’? नुकते आलेले शब्द बहुधा तसेच राहतात, रुळले की ‘आ’ घेतात: टेबल जुनं झालं, म्हणून ‘टेबलावर’. याचा फायदा उठवता येतो. ज्या जगात ती वस्तू कालच आली तिथं ‘रोबोटनं’ लिहा. दोनशे वर्षांपूर्वी आलेली असेल तर ‘रोबोटानं’. एका कान्यात दोन शतकं. पण एकाच गोष्टीत दोन्ही सरमिसळ झालं की संपलं.

दोन, लिंग. लिंग नसलेला निवेदक इंग्रजीत बिनबोभाट चालतो, मराठीत क्रियापद चहाडी करतं. ‘मी गेलो’, ‘मी गेले’, मधला रस्ता नाही. नपुंसकलिंगी ‘ते आलं’ म्हटलं की तान्हं मूल किंवा मांजराचं पिल्लू डोळ्यासमोर येतं. वाटा आहेत, पण अरुंद. ‘मी जाईन’ सुरक्षित. ‘मी जात असे’ सुरक्षित. ‘मी जात आहे’ सुरक्षित, पण बोलीतलं ‘जातोय/जातेय’ नाही. सकर्मक भूतकाळ सुरक्षित, कारण क्रियापद कर्माकडे बघतं: ‘मी दार उघडलं.’ फसगत इथंच होते. विसरणं, शिकणं, बोलणं, पिणं यांना कर्म असलं तरी ती कर्त्याकडेच बघतात. ‘मी ती वाट विसरलो’ लिहिलं की चाळीस पानांची कसरत पाण्यात.

खर्डाभाकरी

उपसर्ग ताई/दादा (क्रियापदावरून कळत नाही, शाब्बास!), याचं उत्तर कोल्हापुरातच आहे की. इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी दमलो’ म्हणतात. बाहेरचे हसतात, हसू देत. प्रथमपुरुषी, लिंगनिरपेक्ष, आयतं क्रियापद मिळालंय.

उपसर्ग

मुद्दा पक्का आहे, अट एवढीच की गळती बंद करावी लागेल. दुसरं पात्र निवेदकाबद्दल ‘ती आली’ किंवा ‘तो आला’ म्हणालं की उघडं पडलं. हाक मारताना ‘अगं’, ‘अरे’, ‘काय गं’, ‘काय रे’ चारही वर्ज्य. नावानं किंवा नुसतं ‘ओ’. शिवाय पुण्या-नागपूरचा वाचक ‘मी आलो’ला सरळ पुरुष समजून पुढं जाईल. म्हणून पहिल्या पानावरच एखादी आजी ‘मी आलो गं’ म्हणत उंबऱ्यात आली पाहिजे. मग वाचकाला कळतं की इथं ‘लो’वर भरवसा ठेवायचा नाही.

जुनाकोश

रोबोटचा विषय निघालाच आहे तर: ‘यंत्रमानव’ हा शब्द मूळ रोबोटला लागू पडत नाही. कारेल चापेकच्या 1920 च्या चेक नाटकातले रोबोट लोखंडाचे नव्हतेच, ते मांसासारख्या द्रव्यातून बनवलेले. शब्द सुचवला त्याचा भाऊ योसेफनं, चेक ‘रोबोटा’वरून. अर्थ वेठबिगारी. यंत्र नंतर चिकटलं, वेठ आधीची.

मुद्राराक्षस

शेवटच्या टप्प्याचं कुणीच बोललं नाही, म्हणून चार व्यावहारिक ओळी.

‘मसुदा’ मूळ अरबी, ‘काळं केलेलं’. आपला ‘खर्डा’ खरडण्याच्या नात्यातला. कोल्हापुरात ‘खर्डा झाला का?’ विचारलं तर मिरच्या वाटल्या का असा अर्थ आधी निघतो, म्हणून कार्यशाळेच्या टिपणात ‘कच्चा खर्डा’ लिहा.

दिवाळी अंकाला कथा पाठवताना सोबत एक पान नावांची यादी जोडा: घडवलेला शब्द, त्याचं लिंग, अनेकवचन, सामान्यरूप. ‘झुरा, पुल्लिंग, अनेकवचन झुरे, झुऱ्याला.’ ती नसेल तर मुद्रितशोधक आपल्या समजुतीनं ‘सुधारतो’. ‘झुरा’चा ‘झरा’ होतो आणि त्यात त्याची चूक नाही. वरची कोल्हापुरी ‘मी आलो’ची युक्ती वापरली असेल तर यादीत ठळक लिहा, नाहीतर सगळे ‘आलो’ ‘आले’ होऊन येतील.

युनिकोडमधला मजकूर छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना पहिला बळी ‘ऱ’चा. ‘आचाऱ्याला’चं ‘आचार्याला’ होतं आणि स्वयंपाकी एकदम विद्वान होतो. परग्रहाचं वर्णन असेल तर जास्तच सांभाळा: ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की कोरड्या ग्रहावर समुद्र येतो, आणि तुमचा ‘जर’च बुडतो. प्रूफ हातात आलं की आधी वाचू नका. आधी ‘र्य’ शोधा, एकेक तपासा, मग वाचायला बसा.

करवीरकर

चिठ्ठी ‘जर-तरच्या गोष्टी’ अशीच लावतो, खाली बारीक अक्षरात ‘विज्ञानकथा, अद्भुत, भय व इतर’. मुद्राराक्षस, यादीचा एक शब्द अडलाय: ‘ड्रोन’ तो धरायचा की ते?

मुद्राराक्षस

वर्तमानपत्रांत दोन्ही सापडेल. ‘ते’ धरलंत तर अनेकवचन ‘ड्रोनं’ लिहायची तयारी ठेवा. मी ‘तो’ घेईन.