बँक अडकली की गरिबाचंच जास्त जातं का? खान्देशातल्यांनी बोला

बोरीकाठ (अमळनेर)

परवा नवा गहू भरायला कोठी रिकामी केली, तर तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आईची ठेव पावती निघाली. पन्नास हजारांची. अशा तीन होत्या. एक म्हैस विकली तिच्या पैशांची, एक वडील गेल्यावर आलेल्या विम्याची आणि ही तिसरी सात वर्षं पिग्मीवाल्याच्या हातात रोज दिलेल्या वीस-वीस रुपयांची. आई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची.

पतसंस्था बुडाली. वर्षभर चकरा मारून झाल्यावर एक माणूस घरी आला. म्हणाला, पावती द्या, शंभराला तीस देतो, रोख. बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. आईनं दोन पावत्या दिल्या आणि लाखाचे तीस हजार मोजून घेतले. पुढे कळलं की त्याच संस्थेच्या एका बड्या कर्जदारानं त्या पावत्या भरल्या आणि त्याचं पुरतं एक लाखाचं कर्ज वळतं झालं. ‘मॅचिंग’ म्हणायचे त्याला.

पैसा बुडाला, बुडाला म्हणतो आपण. आईचे सत्तर हजार कुठे बुडाले? ते त्या कर्जदाराकडे आणि मधल्या माणसाकडे गेले. आई थांबू शकली नाही आणि ते थांबू शकत होते, एवढाच फरक. म्हणून माझं म्हणणं असं, की गरिबाचं नुकसान रकमेवरून मोजणंच चूक आहे. पैसा किती दिवस हाती नव्हता आणि त्या दिवसांत काय विकावं लागलं, ते मोजा. पटत नसेल त्यांनी खोडून काढा.

पांझरेकाठ (धुळे)

भाऊ, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण चौतीस वर्षं बँकेत काढली आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. पतसंस्था आणि बँक एका तागडीत घालू नका. बँकेतल्या ठेवीला विमा आहे, सहकारी बँकेतल्यासुद्धा. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून ठेव विमा आला, तेव्हा फक्त १,५०० रुपयांपर्यंत. आज ५ लाखांपर्यंत आहे. देशातली सुमारे ९८ टक्के खाती त्यात पूर्ण बसतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँकेनं एखाद्या बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध आणले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायची तरतूद आहे. मग सांगा, बुडतो तो कोण? ज्याचे पाच लाखांच्या वर आहेत तो. गरीब त्यात येतच नाही.

पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, हे तेव्हाही खरं होतं. तरी एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी लोक तिकडे गेले. हे कुणीतरी बोलायला पाहिजे.

आणि विषमता म्हणाल तर संकटात आधी वरचेच पडतात. २००८ मध्ये अमेरिकेत शेअर कोसळले तेव्हा वरच्या एक टक्क्याचं उत्पन्न सगळ्यांत जास्त घसरलं. ज्याच्याकडे शेअरच नाहीत त्याचं काय घसरणार?

तापीथडी (रावेर)

काका, व्याजासाठी गेले म्हणता, ते मला लागलं. आमच्या गावाहून बँकेची शाखा अकरा किलोमीटर. दहा ते चार. एक दिवसाची मजुरी बुडवून जायचं, तर साहेब जेवायला गेलेले. पिग्मीवाला दारात यायचा, संध्याकाळी सातला, वीस रुपये घ्यायला. वीस रुपये घ्यायला कोणती बँक येते दारात?

आता बँकेचंच बोलते. आमची केळीची बाग तीन एकर. गावच्या सोसायटीचं पीक कर्ज, जे जिल्हा बँकेच्या पैशातून येतं, ते दरवर्षी ३१ मार्चच्या आत भरावं लागतं, तरच व्याज सवलत. मार्चमध्ये कुणाकडे असतात एवढे पैसे? सगळं गाव नवं-जुनं करतं. चार-आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी महिना शेकडा तीन-चारनं घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज मंजूर झालं की परत करायचे. आमच्या माहेरी एका साली भरणा झाला आणि वरून नवं वाटप थांबलं. बँकेकडे पैसा नाही म्हणाले. आमचं कर्ज शून्य झालं, कागदावर आम्ही एकदम चोख. आणि ते आठ दिवसांचे पैसे अकरा महिने फिरले, शेकडा तीननं. म्हणजे लाखाला तेहतीस हजार व्याज. त्या साली वडिलांनी बागेला खत निम्मंच टाकलं, घड बारीक पडले, व्यापाऱ्यानं भाव पाडून मागितला.

आमची एक रुपयाची ठेव नव्हती त्या बँकेत. तुमच्या ९८ टक्क्यांच्या हिशेबात आमचं नुकसान कुठे लिहिलंय?

पांझरेकाठ (धुळे)

ताई, नवं-जुन्याचा मुद्दा मान्य. ठेवीदाराचा विमा असतो, कर्जदाराच्या हंगामाचा नसतो. हे मी लिहायला हवं होतं.

गोमाई (शहादा)

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पांझरेकाठ काकांनी २००८ चं निम्मंच सांगितलं. वरच्यांचं उत्पन्न पडलं हे खरं. पण इमॅन्युएल साएझ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला, त्यात २००९ ते २०१२ या सावरण्याच्या काळात अमेरिकेत जी उत्पन्नवाढ झाली तिच्यातली ९५ टक्के वरच्या एक टक्क्याच्या पदरात पडली. शेअर परत चढले. ज्याचं घर बँकेनं लिलावात काढलं त्याचं घर काही परत आलं नाही. पडायला दोघंही पडतात, उठतो एक.

बोरीकाठ यांनी सांगितलेलं मॅचिंग मी वर्गात अर्जेंटिनाच्या नावानं शिकवतो. डिसेंबर २००१ मध्ये तिथल्या सरकारनं खात्यातून आठवड्याला २५० पेसोंच्या वर रोख काढायला बंदी घातली. ज्यांना आधी वास लागला होता त्यांनी डॉलर देशाबाहेर हलवले होते. पुढच्या वर्षी सरकारनं डॉलरमधली बँक कर्जं एका डॉलरला एक पेसो या दरानं वळवली आणि डॉलरमधल्या ठेवी १.४० पेसोनं. बाजारात डॉलर तीन पेसोंच्या वर गेला. म्हणजे ठेवीदाराची कमाई निम्म्याहून खाली आली आणि मोठ्या डॉलर कर्जदाराचं ओझं त्याहून जास्त हलकं झालं. २००२ च्या अखेरीस तिथली निम्म्याहून जास्त लोकसंख्या दारिद्र्यात होती. आईंच्या पावतीचंच गणित आहे हे, फक्त देशाच्या मापाचं.

तापीथडी ताईंच्या मुद्द्याला एक जोडतो. बेन बर्नान्के यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते १९३० च्या महामंदीवरच्या कामासाठी. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत हजारो बँका बंद पडल्या. त्यांनी दाखवलं की बँक जाते तेव्हा कोणता कर्जदार सचोटीचा आहे ही तिची ओळखही जाते. ही गोष्ट आपल्याकडे फार खरी आहे. मोठ्या उद्योगाचा ताळेबंद कुठलीही बँक वाचू शकते. रावेरच्या तीन एकरवाल्याचा ताळेबंद सोसायटीच्या सचिवाच्या डोक्यात असतो. बाप कसा होता, बाग कशी ठेवतो, मागच्या गारपिटीतही भरले की नाही. ती बँक अडकली की हा माणूस दुसऱ्या दारात अनोळखी ठरतो आणि मग ओळखीचा एकच उरतो, सावकार.

सातपुडा (तळोदा)

नोव्हेंबर २०१६ आठवतो का? नोटबंदीला बँक बुडणं म्हणत नाहीत, पण गरिबाची बँक बंद झाली की काय होतं ते आपण तेव्हाच पाहिलं. १४ नोव्हेंबरला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. इतर बँकांना चालू होतं. आमच्याकडे कापसाचा पैसा हातात यायचे दिवस. ज्याचं खातं शहरातल्या मोठ्या बँकेत त्याचे भरले गेले. ज्याचं खातं गावच्या जिल्हा बँकेत, तो पाचशेच्या नोटा साडेचारशेला बदलत होता. बँकेत आधी जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरायची परवानगी जून २०१७ मध्ये आली, म्हणजे पुढचा कापूस पेरायच्या वेळी. आमची आजी एकच वाक्य धरून बसली होती, ‘मना पैसा, मालेच भेटत नही.’

पांझरेकाठ (धुळे)

सगळे एका बाजूनं लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू लावून धरतो. उद्या मोठी बँक अडचणीत आली तर सरकारनं वाचवावी की नाही? वाचवली तर म्हणता जनतेचा पैसा श्रीमंतांसाठी गेला. नाही वाचवली तर तिच्यामागे दहा बुडतात आणि कर्जवाटप थांबतं, ते ताईंनी सांगितलंच. २०१७ मध्ये सरकारी बँकांना २ लाख ११ हजार कोटींचं भांडवल द्यायची घोषणा झाली तेव्हाही ओरड झाली. पण तेव्हा दिलं नसतं तर पीक कर्ज कुठून आलं असतं?

आणखी एक. पाच वर्षांत १० लाख कोटी माफ केले असं सगळीकडे फिरतं. संसदेत २०२२ मध्ये सांगितलेला आकडा निर्लेखनाचा होता. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. कर्ज पुस्तकातून बाजूला काढतात, वसुली चालू राहते.

बोरीकाठ (अमळनेर)

काका, वाचवू नका असं मी म्हणत नाही. कुणाला किती दिवसांत वाचवता, ते बघा.

पीएमसी बँकेवर, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले. सहा महिन्यांत मिळून फक्त हजार रुपये काढता येतील, असा पहिला आदेश. ओरड झाली तशी मर्यादा वाढत गेली. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली २५ जानेवारी २०२२ ला. अठ्ठावीस महिने. पाच लाखांवरच्या ठेवी टप्प्याटप्प्यानं, दहा वर्षांपर्यंत. त्याच काळात ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले, ५० हजारांची मर्यादा. स्टेट बँक आणि खासगी बँकांनी मिळून १० हजार कोटी ओतले आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस.

तेरा दिवस माझी आईसुद्धा थांबली असती. दुकानदाराकडे उधारी झाली असती.

वसुली चालू राहते म्हणता, मान्य. पण थोरल्या कर्जदाराची वसुली दहा वर्षं चालू राहते आणि त्याचं कारखान्यातलं ऑफिस तसंच असतं. आमच्या गल्लीत बचत गटाच्या हप्त्याला बाई दोन दिवस चुकली तर बाकीच्या नऊ जणी तिच्या ओट्यावर बसतात.

पांझरेकाठ (धुळे)

येस बँक मोठी होती. ती पडली असती तर बाकीच्या बँकांचे व्यवहार हलले असते, म्हणून घाई झाली. त्यातही ८,४१५ कोटींचे रोखे शून्य झाले, ते घेणाऱ्यांचं गेलंच. माझं मत आजही हेच, की बँकेतला लहान ठेवीदार पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. १९९३ पासून २०२० पर्यंत विमा एका लाखावरच अडकून पडला होता, हे विसरू नका.

पण तेरा दिवस आणि अठ्ठावीस महिने याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. लहान बँकेचा लहान ठेवीदार व्यवस्थेला धोका ठरत नाही, म्हणून त्याची घाई नसते. असंच आहे ते.

तापीथडी (रावेर)

मग एवढं तरी करता येईल ना काका? बँकेवर निर्बंध आले की तिच्या पीक कर्जवाल्यांची यादी त्याच आठवड्यात जवळच्या दुसऱ्या बँकेकडे द्या, भरणा केल्याच्या पावतीसकट. ठेवीचं नंतर बघा. मृग ९० दिवस थांबत नाही.

पांझरेकाठ (धुळे)

करता येईल. अवघड नाही. मी नोकरीत असताना कुणी मागितलं असतं तर यादी दोन दिवसांत काढून दिली असती.

बोरीकाठ भाऊ, तिसरी पावती अजून तुमच्याकडे आहे ना? ती कुणालाही देऊ नका, कितीही टक्के म्हटला तरी. मूळ पावती घरात, झेरॉक्स बाहेर. ठेवीदार संरक्षणाच्या १९९९ च्या कायद्याखाली, एमपीआयडी म्हणतात तो, तुमच्या संस्थेवर गुन्हा दाखल असेल तर मालमत्तेसाठी सक्षम प्राधिकारी नेमलेला असतो. उपजिल्हाधिकारी किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी असतो तो. त्याच्याकडे दावा नोंदवला आहे का ते आधी बघा. अवसायकाकडे, म्हणजे बुडालेली संस्था गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज वेगळा करायचा, आणि दोन्हीकडून पोच घ्यायची, शिक्क्यासह. आईंचं आधार आणि पावती यांवरचं नाव जुळतं का? आमच्याकडे निम्मे दावे तिथेच अडकायचे.

बोरीकाठ (अमळनेर)

पावतीवर माहेरचं नाव आहे काका. आधारवर सासरचं.

पांझरेकाठ (धुळे)

मग लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागेल. दोन्ही नसतील तर प्रतिज्ञापत्र. सोमवारी तहसीलला जा, सकाळी लवकर. अडलं तर इथेच लिहा, मी मजकूर करून देतो.