ना तुझी ना माझी : मधल्या भाषेचे किस्से येऊ द्या

दोघांपैकी कोणाचीच नसलेली भाषा बोलून तुमचं काम कधी झालंय का? इंग्रजी सोडून सांगा, तिची रडकथा सगळ्यांचीच आहे.

माझ्यापासून सुरुवात. लॉकडाऊनमध्ये एस्पेरांतो शिकायला घेतली, म्हणजे झामेनहॉफ नावाच्या डॉक्टरने १८८७ साली मुद्दाम बनवून काढलेली भाषा. सोप्पी आहे खरंच, नाम ओ-वर संपतं, विशेषण आ-वर, आणि पुढे 'माल' लावला की अर्थ उलटा, बोना चांगलं तर मालबोना वाईट. दोन-तीन महिन्यांत एका हंगेरीच्या आजोबांशी पाऊण तास व्हिडिओ कॉल झाला! फक्त नाश्त्यापाशी अडलो. पोह्यांना 'प्लाता रिझो' म्हणालो, चपटा तांदूळ, तर ते बराच वेळ विचारत बसले की चपटा केला कशाला.

खाडीपल्याड : मी रत्नागिरीचा, दुबईला साइटवर. फोरमन इजिप्तचा, हेल्परांत नेपाळी, बंगाली, पठाण, आणि सगळ्यांत मिळून एक मोडकी अरबी. तिच्यात 'फी' म्हणजे आहे, 'माफी' म्हणजे नाही. पहिल्याच आठवड्यात स्टोअरवाला म्हणाला 'सिमेंट माफी', आणि मी कर्जमाफीच्या मुलखातला माणूस, मला वाटलं पैसे माफ, फुकट देतोय, लगेच पोरांना घेऊन गोणी उचलायला गेलो. तो ओरडतोय माफी माफी, मी हात जोडून शुक्रन शुक्रन! असो. टॅक्सीत 'सीदा' म्हटलं की अरबालाही कळतं, तो आपलाच सीधा. आई फोनवर विचारते अरबी आली का रे, म्हटलं आली. पण टीव्हीवर अरबी बातम्या लागल्या की ओ की ठो कळत नाही.

टांगा_पलटी : टांझानियातलं दार एस सलाम, चार वर्षं. ऑफिसात कोणाच्या घरी सुकुमा, कोणाच्या घरी चागा, आपसात मात्र स्वाहिली. आपल्याला अर्धी आधीच येते हो, गारी, चाय, चपाती, दुनिया, साबुनी. या फुशारकीत मी आपटलो. साहेब म्हणाले मीटिंग 'सा टाटू', टाटू म्हणजे तीन हे पाठ होतं, दुपारी तीनला टाय बांधून हजर. तिथले तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे सा टाटू सकाळचे नऊ. मीटिंगचे समोसेसुद्धा संपले होते.

दर्यावर्दी : धागाकर्ते, माझी इंग्रजीच आहे पण तिला इंग्रजी म्हणवत नाही. जहाजावर कॅप्टन युक्रेनचा, बोसन म्हणजे डेकवरचा मुकादम फिलिपिनो, आणि रेडिओवर आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, २००१ मध्ये मंजूर केलेली ठरीव वाक्यं. १५० असेल तर 'वन फाइव्ह झिरो', कारण खरखरीत फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं.

चहाटळ : विनोबाही एस्पेरांतो शिकले होते म्हणे. बाकी ते पोह्यांचं कळलं, कांद्याला काय म्हणालात?

धागाकर्ता : त्सेपो. तो आजोबांना लगेच कळला.