चार्ल्स कोरियांच्या घरांत राहिलेलं कुणी आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रबंध वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांवर आहे. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. म्हणून जुन्या बंगल्यांना सभोवार व्हरांडा असायचा. १९८३ च्या कांचनजंगा इमारतीत कोरियांनी तोच व्हरांडा टॉवरच्या कोपऱ्यांत नेला, दोन मजली उंचीची बाग करून. मला हे फार मोठं काम वाटतं.

गावी आमची आजी मृगाआधी पडवीला माडाची झापं बांधून घ्यायची, सुंभाने घट्ट आवळून. एवढ्या उंचावर झड कशी अडवत असतील?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नवी मुंबईत बेलापूरला कोरियांनीच आखलेली घरांची वसाहत, आर्टिस्ट व्हिलेज. तिथे ८ बाय ८ मीटरच्या एकेका अंगणाभोवती ७-७ घरं, आणि भिंती सामाईक नाहीत, कारण प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. कुणी तिथे राहिलंय का? घरं वाढल्यावर अंगण उरलं का? पोरं खेळतात, वाळवणं पडतात? जुने फोटो, आठवणीतून काढलेला कच्चा नकाशा, काहीही चालेल. घरातल्या मोठ्यांना विचारून कळवलंत तर फारच उपकार होतील.